आई पुन्हा पडू नये म्हणून: वाईच्या घराच्या नोंदी

16 जून 2024, रविवार

बुधवारी रात्री आई पडली. वय 73, वाईच्या जुन्या घरात एकटीच असते. पहाटे तीनच्या सुमारास न्हाणीघराकडे निघाली, उंबऱ्यावरून खाली पाय टाकताना सटकली आणि सावरायला उजवा हात टेकला. मनगटाचं हाड मोडलं. शेजारच्या काकूंना हाक मारली ती सहा वाजता. का, तर "त्यांची झोप कशाला मोडायची?" तीन तास हात मांडीवर धरून खाटेवर बसून होती.

काकूंनी काय केलं ते लिहून ठेवते, कारण मला ते सुचलं नसतं. आधी साबणाचा फेस करून बांगड्या आणि अंगठी काढली. हात सुजायला लागला होता. आणखी थोडा वेळ गेला असता तर कापाव्याच लागल्या असत्या. मग एक जाडजूड जुना दिवाळी अंक पन्हळीसारखा वाकवून हाताखाली धरला, त्यावरून ओढणी गुंडाळली आणि दुसऱ्या ओढणीची झोळी करून गळ्यात अडकवली. मनगट चमच्यासारखं वाकलेलं दिसत होतं, पण ते सरळ करायला कुणी गेलं नाही आणि तेलही चोळलं नाही.

दवाखान्यात हाड बसवून कोपराच्या खाली प्लास्टर घातलंय, सहा आठवड्यांसाठी. पहिले काही दिवस हात छातीच्या वर ठेवायचा, झोपताना उशीवर. बोटं दर तासाला उघडमीट करायची. बोटं निळी-पांढरी पडली, बधिर झाली किंवा आत दुखणं कमी होण्याऐवजी वाढत गेलं, तर रात्र असली तरी लगेच यायचं, सकाळची वाट बघायची नाही. हे मी मोठ्या अक्षरात लिहून फ्रिजवर चिकटवलं आहे.

माझी पहिली चूक दवाखान्याच्या बाकावरच झाली. आई आत होती, मी बाहेर फोन घेऊन बसले आणि घाबरून खरेदी केली. भिंतीला हवेने चिकटणारे दोन दांडे, 998 रुपये. मोरीत अंथरायची रबरी चटई, 450 रुपये. घर एकदा त्या नजरेने फिरून बघितलंसुद्धा नव्हतं.

मी पुण्याला नोकरी करते. काम होणार ते शनिवार-रविवारीच. ज्यांचे आईवडील असेच गावी एकटे आहेत त्यांना उपयोग होईल म्हणून काय चुकलं, किती पैसे गेले ते सगळं लिहिणार आहे.

23 जून, रविवार

चिकटणारे दांडे: एक शनिवारी दुपारी लावला, रात्री दीडला आपोआप धाडकन पडला. आई दचकून उठली, म्हणजे ज्यासाठी आणला त्याच्या बरोबर उलट. आमच्या न्हाणीघराच्या फरश्या जुन्या, छोट्या आहेत. दांड्याचा रबरी कप एका फरशीत मावत नाही, सांध्यावर येतो आणि सांध्यातून हवा शिरते. दुसरा दांडा पाकिटातच आहे. मोठ्या गुळगुळीत फरशीवर तो टिकेलही, पण तेव्हाही मी आईचा भार त्याच्यावर टाकायला धजणार नाही.

चटईचं आणखी वाईट. खालचे कप आमच्या खडबडीत लादीला धरत नाहीत आणि चार दिवसांत खाली साबणाचा गिळगिळीत थर. शिवाय तिची कड वर वळली होती, त्यात माझाच अंगठा अडकला. चटई आता बाहेर कुंड्यांखाली.

मावशी फोनवर म्हणाली, प्लास्टर काढून टाका, आमच्याकडच्या हाडवैद्याकडे आणा. नाही आणलं. मावशी दोन दिवस बोलली नाही, मग बोलायला लागली.

तपासणीत डॉक्टरांनी एक गोष्ट पकडली. आई झोळीत हात इतका जपून ठेवत होती की खांदा आखडायला लागला होता. मोडलंय मनगट, मग खांदा का दुखतो, असं आम्हाला वाटत होतं. आता दिवसातून तीनदा झोळी काढून हात डोक्याच्या वर न्यायचा, दहा-दहा वेळा. फडताळातल्या वरच्या फळीला बोट लावून यायचं असं ठरवलं. नुसतं "व्यायाम कर" म्हटलं की ती विसरते, फळीला हात लावायचं विसरत नाही.

30 जून, रविवार

आज खऱ्या दांड्यांचा दिवस होता. स्टीलचे, 18 इंची, 720 रुपयांना एक. दोन आणले. एक कमोडच्या बाजूला, एक नळाजवळ, असं मीच मनाने ठरवलं.

ड्रिल मशीन ऑफिसातल्या मैत्रिणीकडून आणलेलं. फरशीवर कागदी चिकटपट्टी लावायची म्हणजे भोक पाडायचं बिट घसरत नाही, हे माहीत होतं. मशीनची ठोकायची कळ बंद ठेवायची असते, हे माहीत नव्हतं. बिट टेकवलं, बटण दाबलं आणि पहिल्याच झटक्यात फरशी कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तडकली. त्या फरशीतून नुसतंच फिरवून हळू आत जायचं, मधे मधे पाण्याचं बोट लावायचं, नाहीतर बिट तापून मरतं. माझं एक मेलं, 160 रुपये. फरशी पार करून विटेत शिरलं की मगच ठोकणं चालू करायचं.

कमोडजवळची भोकं झाली. आधी लाल भुगा आला, मग पिवळट माती. प्लास्टिकचे प्लग ठोकले, स्क्रू पिळले, दांडा दिसायला एकदम मजबूत. मग मी दोन्ही हातांनी त्याला लटकले. माझं वजन 58 किलो. तीन सेकंद धरला आणि प्लग, स्क्रू, मूठभर माती असा सगळा परिवार घेऊन तो माझ्या हातात आला. मी कुल्ल्यावर बसले ती बसलेच. भिंत विटांची आहे, पण सांधे मातीचे, वरचा गिलावा चुन्याचा. असल्या भिंतीत प्लग म्हणजे शिऱ्यात खिळा.

लटकून बघायची बुद्धी झाली म्हणून वाचलो. आई पडता पडता त्याला धरायला गेली असती आणि तो सुटला असता तर नसण्यापेक्षा वाईट. कुणाच्याही घरी बसवून घेतलात तरी मिस्त्री जायच्या आत त्यालाच लटकायला सांगा.

पडलेली भोकं बुजवायला गवंड्याला द्यायची म्हणून ओली वाळू आणून ठेवत होते. बादली उचलली, उचलता उचलताच दाराकडे वळले आणि कंबरेत उसण भरली. जागच्या जागी, अर्धी वाकलेली. आई डाव्या हाताने मला धरून आत नेतेय, हे दृश्य काकूंनी बघितलं.

3 जुलै, बुधवार (पुणे)

उसणीबद्दल थोडंच. पहिला दिवस गरम पाण्याची पिशवी आणि गुडघ्याखाली उशी. दुसऱ्या दिवसापासून घरातल्या घरात चालले, दर अर्ध्या तासाला पाच मिनिटं, दुखत असूनही. पूर्वी एकदा अशीच भरली होती तेव्हा आठवडाभर अंथरुणावर पडून राहिले होते आणि ती तीन आठवडे रेंगाळली होती. या वेळी चौथ्या दिवशी ऑफिस. पायात जोर जाणं, जांघेत बधिरपणा, लघवीवरचा ताबा जाणं यातलं काही असतं तर पिशवी-बिशवी सोडून थेट डॉक्टर गाठला असता. तसं काही नव्हतं.

चूक वजनाची नव्हती. बादली पंधरा किलोची असेल. उचलणं आणि वळणं एकाच वेळी केलं. आता आधी उचलते, मग पावलं टाकून वळते. आणि अर्धी बादली नेते.

7 जुलै, रविवार

गवंडी आला, तडकलेली फरशी बदलली. जुन्या फरश्या माळ्यावर निघाल्या म्हणून फक्त मजुरीचे 800. जाताना त्याने विचारलं, "ताई, इथं दांडा कशाला लावताय? आजी इथं धरतात का?"

मला उत्तर देता येईना. मग आईला विचारलं, तू चालताना कुठे कुठे धरतेस? ती म्हणाली, "मी कुठे धरते? मी चांगली चालते."

मग एक प्रयोग सुचला. हळदीकुंकवाला मिळालेली, कधीच न वापरलेली टिकल्यांची पाकिटं ढिगाने पडलेली असतात. ती प्रत्येक खोलीत एकेक टाचून ठेवली. आईला सांगितलं, भिंतीला, दाराला, कपाटाला, कशालाही आधारासाठी हात लागला की तिथे एक टिकली लाव. दिवसा लाल, रात्री काळी. डाव्या हाताने तिला जमतं. आधी पेन्सिलची खूण करायला सांगणार होते, पण पेन्सिल दर वेळी हरवली असती आणि चुन्याच्या भिंतीवर ती दिसतही नाही.

आईला हे पोरखेळ वाटलं. तरी करते म्हणाली.

14 जुलै, रविवार

घरात शिरले आणि भिंतींना गोवर आल्यासारखं दिसलं. एका आठवड्यात 31 टिकल्या. "मी कुठे धरते" म्हणणाऱ्या बाईच्या.

मोजणी: न्हाणीघराच्या दाराच्या चौकटीला 9. पलंगापासून न्हाणीघरापर्यंतच्या बोळात कपाट आहे, त्याच्या कडेला 7. नळाजवळच्या भिंतीला 6. ओट्याच्या कडेला 4. परसदाराच्या पायरीपाशी 3. आणि मी जिथे जिवाचं रान करून भोकं पाडली, त्या कमोडशेजारी 2.

चौकटीच्या टिकल्या सगळ्या एकाच पट्ट्यात, जमिनीपासून 30 ते 34 इंचांवर. मी दांडा आडवा लावणार होते, इथे तर तिला उभा हवाय. खाली उतरताना ती वरून खाली हात सरकवत आणते.

काळ्या टिकल्यांकडे बराच वेळ बघत बसले. 12 होत्या, म्हणजे साधारण दर रात्री एकदोन. पण आई म्हणाली, प्रत्येक खेपेला लावायची आठवण राहत नाही, उठते मी तीनदा. तीनदा कशाला? "लघवीला." पूर्वीपासून? "नाही, उन्हाळ्यापासून."

गोळ्यांचा डबा काढला. रक्तदाबाच्या गोळ्यांत एक लघवी होणारी गोळी आहे, सकाळी घ्यायची. आई ती रात्री जेवणानंतर घेत होती. सकाळी घेतली की देवळात आणि मंडईत पंचाईत होते, म्हणून तिनेच वेळ बदलली होती आणि कुणाला सांगितलं नव्हतं. तिच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं. घाटावर बाईमाणसाने जायचं कुठे?

19 जुलै, शुक्रवार

रजा टाकून आईला तिच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी आडवं झोपवून रक्तदाब घेतला, वरचा आकडा 138. उभं करून मिनिटाने घेतला, 112. उठल्यावर वरचा आकडा 20 किंवा त्याहून जास्त घसरला तर चक्कर आणि तोल जाणं ओघानंच येतं, असं त्यांनी सांगितलं. लघवीची गोळी पुन्हा सकाळी, दुसऱ्या एका गोळीचा डोस कमी, दोन आठवड्यांनी परत तपासणी. हे त्यांनी केलं. गोळ्यांच्या वेळा आणि डोस आपल्या मनाने हलवायचे नाहीत. इथे तोच तर घोळ झाला होता.

मंडईची अडचणही त्यांना सांगितली. गोळी सकाळी सहालाच घे आणि दहानंतर बाहेर पड, असं ठरलं. आईला पटलं. आधी कुणी विचारलंच नव्हतं.

रात्री उठायचं झालं तर आधी पलंगाच्या कडेला पाय सोडून बसायचं, पावलं वर-खाली हलवायची, अकरा वेळा रामनाम घ्यायचं, मग उभं राहायचं. "एक मिनिट थांब" हे तिच्याकडून होत नाही. अकरा वेळा नाम होतं.

सहा हजारांच्या सामानाची यादी माझ्या खिशात होती आणि त्यातलं एकही या गोळीइतकं कामाचं नव्हतं.

21 जुलै, रविवार

पाऊस धो धो. परसातल्या शहाबादी लाद्यांवर हिरवं शेवाळ. तारेचा ब्रश आणि ब्लीचिंग पावडर, 190 रुपये आणि माझे तीन तास. पावडर कालवताना दार उघडं ठेवा आणि न्हाणीघर धुवायच्या अ‍ॅसिडजवळ तिला नेऊसुद्धा नका; दोन्ही एकत्र आली की विषारी वायू निघतो.

घासून शेवाळ जातं, पण लादीची पॉलिशसारखी झालेली पाठ जात नाही. वर्षानुवर्षं पावलांनी झिजलेली. काकूंनी पाट्या-वरवंट्याला टाकी लावणाऱ्याला बोलावून आणलं. त्याने न्हाणीघराबाहेरच्या आणि परसदारच्या अकरा लाद्यांवर टाकी मारून दिली, 1,500 रुपये. एक लादी पोकळ होती, मधोमध फुटली. ती त्याने आधीच सांगितली होती, "ही वाजतेय." मी म्हटलं, मारा. माझीच चूक, तिच्या जागी सिमेंट भरलं.

उंबऱ्याखालची उतरण: माजघरातून न्हाणीघरात नऊ इंच खाली उतरावं लागतं. मधे अर्धी पायरी हवी. आधी एक लाकडी पाट ठेवून बघितला. पाट हलतो. मनातूनसुद्धा काढून टाका. मग गवंड्याने विटांची बांधली, पण मी रुंदी सांगितली सात इंच. आईचं पाऊल नऊ इंचाचं! पाऊल पूर्ण टेकत नाही, आणि उतरताना तर आपण पावलाचा पुढचा भागच आधी टेकवतो. पायरी तोडून बारा इंचांची केली, वर खरखरीत बाजू वर करून कडप्पा. दोन्ही मिळून 600. कडेला पिवळा रंग, दोन इंचांचा पट्टा. आई म्हणाली, रस्त्यावरच्या स्पीडब्रेकरसारखं दिसतंय. दिसू दे.

25 जुलै, गुरुवार (पुणे)

आज प्लास्टर निघणार होतं. मी जाणार होते. पण पहाटेपासून पुण्यात पाणी, सिंहगड रस्त्याकडचे सखल भाग बुडालेले, धरणातून विसर्ग चालू. घराबाहेरच पडता आलं नाही. काकू घेऊन गेल्या.

आईचा रात्री फोन. "हात माझा नाही वाटत गं." वाळलेला, कोंडा सुटणारा, बारीक झालेला. मनगट कुठेच वळत नाही. हाड जुळलंय.

4 ऑगस्ट, रविवार

हाताचं काम. फिजिओथेरपिस्ट ताईंनी दाखवलं ते असं: दहा मिनिटं सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात, मग पाण्यातच मनगट वर-खाली आणि तळवा उताणा-पालथा. ताण जाणवेपर्यंत न्यायचं, कळ येईपर्यंत नाही. तळवा उताणा करणं सगळ्यात अवघड गेलं. प्रसाद घ्यायला हात पुढे करतो ना, ते.

त्यांनी दाबायला स्पंजचा चेंडू दिला होता. तो आईने दोन दिवसांत देवघरामागे टाकला. त्याऐवजी ती वाती वळायला बसली. कापूस पिंजायचा, चिमटीत धरायचा, पेळू ओढायचा, तळव्यावर वळायचं. ताईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, चिमूट, पकड आणि मनगट तिन्ही होतंय, चालू द्या. पहिल्या दिवशी सहा वाती, त्याही अळीसारख्या जाड. आज चाळीस. कागदावर रोजचा आकडा लिहिते.

जे जमत नाही: सांडशीने पातेलं उचलणं, कपडे पिळणं, नारळ फोडणं. यातलं पहिलं तिने चोरून करून बघितलं आणि दुधाचं पातेलं सुटलं. पाय वाचला. आता दूध छोट्या पातेल्यात, दोनदा तापवायचं.

टिकल्यांचा आठवडा परत केला. प्लास्टर असताना ती सगळीकडे डाव्या हाताने धरत होती, मग त्या जागा कायमच्या कशा मानायच्या? शंका बरोबर निघाली. या वेळी 19 टिकल्या, चौकटीच्या आता बहुतेक उजव्या बाजूला. काळ्या फक्त चार. जुलैतच दांडे ठोकले असते तर सगळे उलट्या अंगाला बसले असते.

11 ऑगस्ट, रविवार

भिंतीचा प्रश्न वेल्डिंगवाल्याने सोडवला. "माती धरत नाही तर भिंतीलाच मिठी मारा," म्हणाला. म्हणजे आरपार भोक, त्यातून आट्यांचा रॉड, बाहेरच्या बाजूला चार इंची लोखंडी पत्रा, वायसर आणि नट. ओढ आली की सगळी भिंत मिळून धरते. न्हाणीघराची भिंत नऊ इंची आहे आणि पलीकडे परस, म्हणून हे जमलं. पलीकडे शेजाऱ्यांची खोली असती तर जमलं नसतं. रॉड, पत्रे, नट मिळून 540 रुपये. लांब बिट इलेक्ट्रिशियनकडून तासाभरासाठी मागून आणलं.

भोक सरळ जाणं ही कसरत आहे. माझं पहिलं पलीकडे दोन इंच खाली निघालं. मग काकूंच्या नातवाला बाजूला उभं केलं, तो "वर, वर, खाली" ओरडत होता. त्याच्यामुळे बाकीची तीन बरी आली.

चौकटीजवळ आणि बोळात कपाटाच्या जागी 12 इंची दांडे नवे घेतले, दोन मिळून 960. आधीचे 18 इंची दोन: एक नळाजवळ आडवा, एक कमोडशेजारी. कमोडचा तसा गरजेचा नव्हता, पण विकत घेतलेला होता, आणि कधीतरी लागेल. कपाट उचलून पलीकडच्या भिंतीला नेलं. आईचा सात टिकल्यांचा आधार काढून घेतला म्हणून तिथे दांडा आधी बसवला, कपाट नंतर हलवलं. उंची पुस्तकातून घेतली नाही. आईला उभं केलं, हात सैल सोडून कोपर थोडं वाकवायला सांगितलं, मूठ जिथे आली तिथे पेन्सिल. 32 इंच आलं.

लटकले. झटके दिले. काकूही लटकल्या, त्या 71 किलो. हललं नाही. बाहेरचे पत्रे गंजू नयेत म्हणून रंग दिला, भोकांच्या तोंडाशी सिलिकॉन.

25 ऑगस्ट, रविवार

दिवे. माणूस आला की लागणारे, चार्जिंगचे, कारण वीज कधी जाईल सांगता येत नाही. तीन मिळून 1,020. पहिल्यांदा डोळ्यांच्या उंचीला लावले. रात्री अंधारातून आलेल्या माणसाच्या डोळ्यांत भपकन उजेड, आई म्हणाली, "पोलीस आल्यासारखं वाटतं." काढून पायाच्या घोट्याच्या उंचीला, भिंतीच्या तळाशी लावले. आता फक्त जमीन दिसते, तेवढंच पुरतं.

बोळातला दिवा मात्र रात्रभर लागत-विझत होता आणि चार्जिंग पहाटेपर्यंत संपायचं. तीन रात्री मी दिव्याला दोष दिला. शेवटी कळलं, काकूंची मांजर. दिव्याचं तोंड फिरवलं आणि परसदाराच्या फटीला फळी मारली.

चपला: घरातल्या रबरी सपाता, तळ गुळगुळीत, मागे पट्टा नाही. मागे पट्टा असलेल्या, खाचांच्या तळाच्या घेतल्या, 650. न्हाणीघरात बसून अंघोळ करायला प्लास्टिकची हात असलेली खुर्ची, 700. पायांना रबरी टोप्या घालून घ्या, नाहीतर ओल्या लादीवर खुर्ची स्वतःच फिरायला निघते.

8 सप्टेंबर, रविवार

गणपती बसले, घरात चौदा माणसं. सतरंज्या, पिशव्या, फोनच्या चार्जरच्या वायरी, दाराशी चपलांचा ढीग. दोन महिने केलेलं काम एका दुपारीत मातीत. आई नाही, माझा भाऊ सतरंजीच्या घडीत अडखळला आणि ओट्यावर गुडघा आपटला. टॉवेलमध्ये बर्फ गुंडाळून दहा-दहा मिनिटं, पाय उशीवर. संध्याकाळी आरतीला उभा होता. सतरंज्यांची टोकं दोऱ्याने खांबांना बांधली, वायरी पलंगाखालून.

आईचं रोजचं: खुर्चीवरून हात न टेकवता उठ-बस, ओटा धरून टाचा वर-खाली, ओटा धरूनच एका पायावर उभं राहणं. अर्ध्या मिनिटात उठ-बस जुलैमध्ये 7 व्हायच्या, काल 11. भात शिजेपर्यंतच्या शिट्ट्यांत करते.

6 ऑक्टोबर, रविवार

हाडांच्या घनतेची तपासणी झाली. उभ्या उंचीवरून पडून या वयात मनगट मोडतं तेव्हा ती करून घ्यायचीच असते, हे जूनमध्येच करायला हवं होतं. कुणी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. खुब्याचा आकडा उणे 2.8 आला. उणे 2.5 आणि त्याखाली म्हणजे हाडं ठिसूळ. डॉक्टरांनी औषध सुरू केलं, सोबत कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व.

आजवरचा खर्च, दवाखाना आणि एसटी सोडून: 10,008 रुपये. त्यातले 2,408 निव्वळ वाया. चिकटणारे दांडे, चटई, मेलेलं बिट, तडकवलेल्या फरशीची मजुरी.

31 ऑक्टोबर, गुरुवार

नरक चतुर्दशी. या दिवसाची मला जूनपासून धास्ती होती. तेल, उटणं, पहाटेचा अंधार, ओली लादी, सगळं एकत्र. यंदा नकोच, म्हणून बघितलं. आईने माझ्याकडे अशी नजर टाकली की पुढे बोलले नाही.

मग असं केलं. तेल लावायचं न्हाणीघरात नाही, माजघरात, खुर्चीवर बसून, खाली जुनी चादर. तळपायांना तेल नाही. तिथून चपला घालूनच न्हाणीघरात. उटणं बसल्या जागी, जरा जास्तच डाळीचं पीठ घालून, म्हणजे अंगावरचं तेल ते ओढून घेतं. आईच्या मागून दुसऱ्याने लगेच जायचं नाही. मधे कढत पाणी आणि भांड्याचा साबण टाकून लादी घासायची. मी बाहेर उभी होते. आतून चौकटीच्या दांड्यावर हात सरकल्याचा आवाज आला, मग पिवळ्या पट्ट्यावर पाय.

तेल आईनेच मला लावलं, उजव्या हाताने. पकड अजून पूर्ण नाही, पण टाळूवर थापलेलं कळलं.

फराळ झाल्यावर परसात गेले तर तुळशीवृंदावनाच्या कडेला दोन लाल टिकल्या. टिकल्यांचा खेळ ऑगस्टमध्येच संपला होता, तिला कुणी सांगितलेलं नव्हतं. तिथे खाली वाकून दिवा लावताना धरते म्हणाली. ते बांधकाम दगडी आहे, मागे जागाही नाही, आरपार रॉड जमणार नाही. जमिनीत रोवलेला खांब घालावा लागेल. वेल्डिंगवाला भाऊबीजेनंतर येतो म्हणालाय.